हाँगकाँग सेव्हन्सला जाताय? नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उलटला की आपल्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात: तिकीट कुठे, वेश कोणता, पोरांना नेऊ का, व्हेज काही मिळतं का. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे एखादी गोष्ट दुसरीकडे आली आहे तिथे क्रमांक दिला आहे. तिकिटाचे दर आणि आत काय नेता येतं याची यादी मुद्दाम दिलेली नाही. ती दरवर्षी बदलते, आयोजकांच्या संकेतस्थळावर ताजी पहा.

१. हे सेव्हन्स म्हणजे नेमकं काय असतं?

सात-सात खेळाडूंची रग्बी स्पर्धा. तीन दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक सामने. पहिली स्पर्धा २८ मार्च १९७६ रोजी हाँगकाँग फुटबॉल क्लबच्या मैदानावर झाली, बारा संघ होते आणि न्यूझीलंडचा कँटॅब्रियन्स हा संघ जिंकला. पुढे ही या शहराची सगळ्यात मोठी क्रीडास्पर्धा झाली. रग्बीचा गंध नसलेली माणसंही त्या शनिवारी केळं, नन किंवा वाहतुकीचा नारिंगी शंकू बनून मेट्रोत उभी दिसतात. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी ऑफिसात हमखास विचारतात, "सेव्हन्सला येणार ना?" हो म्हणण्याआधी प्र. ५ आणि ६ वाचा, कारण तुमचा शनिवार-रविवार कसा जाणार हे तुम्ही कुठल्या स्टँडमध्ये बसता यावर ठरतं. बाकी सगळं त्यानंतर.

२. रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. कंटाळा येईल का?

नाही येणार, कारण कंटाळा यायच्या आत सामना संपतो. सात मिनिटांचा एक डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा सात मिनिटं. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीइतकंच मोठं. त्यामुळे मोकळी जागा भरपूर आणि एकदा कुणी निसटला की त्याला गाठणं मुश्कील.

कबड्डी पाहत मोठे झालेल्या माणसाला हे लवकर उमगतं. तिथेही सातच जण. पकड करणाऱ्यांची साखळी कुठे तुटते हे चढाईवाला हेरतो, तसंच इथे चेंडूवाला समोरच्या रांगेतली फट शोधत असतो. फरक एवढाच की इथे फट सापडली की सत्तर-ऐंशी मीटर पळायचं असतं.

एवढे नियम लक्षात ठेवा. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. पायाने पुढे मारता येतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', ५ गुण. मग चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन उसळताच लाथ मारून गोलच्या दोन खांबांमधून काढला की आणखी २. खांद्याच्या वर पकड केली की दंड. पिवळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर. चौदा मिनिटांच्या सामन्यात दोन मिनिटं सहा जणांनी खेळायचं म्हणजे बहुतेक वेळा एक ट्राय बसतोच. आणखी एक गंमत: ज्याने गुण मिळवले तोच संघ खेळ पुन्हा सुरू करायची किक मारतो, म्हणजे चेंडू समोरच्याकडे जाण्याची शक्यता जास्त. म्हणूनच शेवटच्या मिनिटात सामने फिरतात. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळात जो आधी गुण घेईल तो जिंकला.

हा छोटा अवतार स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावचा, १८८३ सालचा. नेड हेग नावाच्या, खाटकाकडे काम शिकणाऱ्या पोराने क्लबला पैसे जमवण्यासाठी ही युक्ती काढली. २०१६ पासून सेव्हन्स ऑलिंपिकमध्येही आहे.

३. कधी असतं?

साधारण मार्चअखेर ते एप्रिल, शुक्रवार ते रविवार. २०२४ मध्ये ५ ते ७ एप्रिल होतं, २०२५ मध्ये २८ ते ३० मार्च. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची स्पर्धा बुडाली आणि २०२२ मध्ये ती नोव्हेंबरात घ्यावी लागली. तारीख नक्की झाल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका. पाडव्याशी गाठ पडते का, ते प्र. १९ मध्ये.

४. जुनी मंडळी 'सो कॉन पो' म्हणतात, नवी 'काई टाक'. जायचं कुठे?

काई टाकला. १९८२ पासून २०२४ पर्यंत स्पर्धा कॉजवे बेच्या मागे, सो कॉन पोच्या मैदानावर होती; चाळीस हजारांचं हाँगकाँग स्टेडियम तिथे १९९४ मध्ये उभं राहिलं. २०२५ पासून सगळं काई टाक स्पोर्ट्स पार्कमधल्या पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये हललं. हो, तेच काई टाक, जिथला विमानतळ १९९८ च्या जुलैमध्ये बंद झाला.

मेट्रोच्या तुएन मा लाइनवर काई टाक आणि सुंग वाँग तोई ही दोन्ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नव्या स्टेडियमला उघडबंद होणारं छप्पर आहे आणि आत गारवाही. जुन्यांनी सांगितलेले सनस्क्रीन, रेनकोट, टोपी हे सल्ले आता बहुतेक निकालात निघालेत. जुन्या जागेची आठवण काढून उसासे टाकणारे पुष्कळ भेटतील. तिथे स्टेडियमपासून वान चायच्या बारपर्यंत माणसं वेशातच चालत जायची, ती गंमत काई टाकला नाही हे खरं. पण पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वेशात तीन तास ज्याने काढलेत तो छपराला नावं ठेवणार नाही.

५. साऊथ स्टँड म्हणजे काय प्रकार आहे?

मैदानाच्या दक्षिणेकडच्या गोलच्या खांबांमागचा स्टँड. वेश, बिअर, गाणी आणि आरडाओरडा यांचं राज्य. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. जागा ठरलेल्या नसतात, ज्याने पकडली त्याची. शनिवारी हौशी लोक दार उघडायच्या कितीतरी आधीपासून रांगेत असतात, आणि एकदा भरला की भरला. मग एक बाहेर पडला तर एक आत. तुमचं स्टेडियमचं तिकीट खरं असलं तरी या स्टँडमध्ये शिरायला मिळेलच असं नाही.

आत काय होतं? सकाळी अकराला माणसं शहाण्यासारखी बसलेली असतात. दुपारी दोनच्या सुमाराला पहिला प्लॅस्टिकचा जग हवेत उडतो. रिकामा असेल अशी आशा करायची. चारनंतर कोण कुठल्या संघाचा हा प्रश्न उरत नाही: फिजी आली की सगळे फिजीचे आणि ऑस्ट्रेलिया आली की हुर्यो. ही हुर्यो जुनी परंपरा आहे, त्यात राग नसतो. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकही त्यात आवाज मिळवतात. पायाखालची फरशी बिअरने चिकट होते, बूट उचलताना चर्र आवाज येतो. पुढच्या रांगेतला माणूस तुमच्या मांडीवर कोसळतो, माफी मागतो, आणि पाच मिनिटांनी त्याचा संपूर्ण गट तुमच्यासोबत फोटो काढत असतो.

ज्यांना गर्दीत घुसमटायला होतं, अंगावर दारू सांडली तर डोकं फिरतं, किंवा सामना नीट पाहायचा आहे, त्यांनी तिकडे जाऊ नये. बाकीच्यांनी एकदा तरी, शनिवारी, जावं.

६. मग बसावं कुठे?

सामना पाहायचा असेल तर लांब बाजूचे स्टँड, शक्यतो वरच्या मजल्यावर. सेव्हन्समध्ये खरी मजा मोकळ्या जागेची असते आणि ती उंचावरून दिसते: डावीकडे चार जण जमा झालेत, उजवीकडे एकटाच मोकळा उभा आहे, आणि चेंडू आता तिकडे जाणार हे तुम्हाला खेळाडूच्या आधी कळतं. कुटुंब असेल तर प्र. १४. ऑफिसच्या बॉक्सचं (कंपन्या पाहुण्यांसाठी घेतात त्या खासगी कक्षाचं) निमंत्रण असेल तर प्र. १६.

माझं मत विचाराल तर सकाळी वर बसून खेळ पाहावा आणि दुपारी हौस म्हणून साऊथ स्टँडच्या जवळून एक फेरी मारावी. दिवसभर आत राहण्यात शौर्य काही नाही.

७. तिकीट कसं मिळवायचं?

अधिकृत विक्री सुरू झाली की लगेच घ्या. स्थानिक रग्बी क्लबांच्या सभासदांना वेगळा कोटा मिळत आला आहे, म्हणून ऑफिसात कुणी क्लबात खेळणारा असेल तर डिसेंबरातच त्याच्याशी दोस्ती वाढवा. अनोळखी माणसाकडून मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटचं तिकीट घेऊ नका. तोच स्क्रीनशॉट त्याने आणखी चौघांना विकलेला असू शकतो, आणि दारावर ज्याचा आधी स्कॅन झाला तोच आत.

८. वेश घालायलाच हवा का?

सक्ती नाही. बाजूच्या स्टँडमध्ये निम्म्याहून अधिक लोक साध्या टी-शर्टात असतात. साऊथ स्टँडमध्ये मात्र साधे कपडे घातलेला माणूस उगाच उठून दिसतो. वेश नकोच असेल तर डोक्यावर काहीतरी विचित्र घाला, तेवढ्यावर भागतं.

९. वेश निवडताना काय पाहायचं?

दिसणं शेवटी पाहा. आधी हे विचारा: यात दहा तास काढता येतील का?

खिसा हवा. ऑक्टोपस कार्ड (मेट्रोत आणि दुकानांत पैसे भरायचं), फोन आणि हाँगकाँगचं ओळखपत्र, तिन्ही अंगावर लागतात, आणि ओळखपत्र जवळ बाळगणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. दरवर्षी कुणीतरी बिनखिशाचा झगा घालून येतं आणि दिवसभर मित्राच्या पँटमधून स्वतःचा फोन मागत फिरतं. स्वच्छतागृहात काय होणार याचा विचार करा: पाठीवर चेन असलेला एकसंध प्राणिवेश दिसायला गोड, पण रांगेत पंधरा मिनिटं उभं राहून आत गेल्यावर चेन उघडायला दुसरा माणूस लागतो. पंख, शेपटी, फुगवलेले डायनासोर खुर्चीत मावत नाहीत. पाय झाकणारे बूट घाला; चपला, कोल्हापुरी आणि सँडल नकोत, कारण चिकट फरशी (प्र. ५). चेहरा रंगवणार असाल तर आदल्या दिवशी हातावर थोडा रंग लावून बघा. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा असेल तर तपासणीत काढून दाखवावा लागतो.

प्लॅस्टिकची तलवार, बंदूक, काठी, भाला हे सगळं दारावरच राहतं. हुबेहूब स्थानिक पोलिसासारखा गणवेश करू नका. तो विनोद इथल्या कायद्यात बसत नाही.

आणि एकट्याने भारी वेश करण्यापेक्षा सहा जणांनी मिळून स्वस्तातला सारखा वेश केलेला कधीही चांगला. गर्दीत एकमेकांना शोधायलाही सोपं जातं.

१०. आपल्याकडचं काहीतरी करायचं आहे. काय सुचवाल?

डबेवाले. आजवर पाहिलेला सगळ्यात चोख मराठी वेश तोच. पांढरा सदरा-लेंगा, गांधी टोपी, खांद्यावर पुठ्ठ्याची लांब फळी आणि तिच्यावर चंदेरी कागद लावलेले थर्माकोलचे डबे, झाकणावर रंगाने खरे कोड घातलेले. सदऱ्याला खिसे असतात, लेंगा सैल असतो, टोपी उडाली तरी दुसरी घडी करून ठेवता येते, आणि मुंबईचे डबेवाले कोण हे समजावून सांगावं लागत नाही. खरे स्टीलचे डबे नेऊ नका, दारावर अडतील. फळीही दोन तुकड्यांत ठेवा.

नऊवारी चालते, किंबहुना पायऱ्या चढायला आणि उड्या मारायला काष्टा साडीइतकं सोयीचं काही नाही. पण सुती किंवा शिवलेली घ्या. आजीची पैठणी घालून साऊथ स्टँडमध्ये जाणाऱ्या मुलीला घरचं कुणी अडवत कसं नाही हे कोडंच आहे. फेटा छान दिसतो, फक्त तुरा आखूड ठेवा. वासुदेवाची मोरपिसांची टोपी कल्पना म्हणून झकास, पण मागच्या रांगेला पुढचे दोन तास मोरपिसंच दिसतात. ढोल-ताशा, झांजा, लेझीम घरी ठेवा, मोठी वाद्यं आत नेता येत नाहीत.

११. शिवाजी महाराजांचा किंवा मावळ्यांचा वेश केला तर?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी ग्रुपवर भांडण होतं. स्पष्ट सांगतो: महाराजांचा वेश करू नका. तिथे दुपारी दोननंतर अंगावर बिअर पडते, कुणीही खांद्यावर हात टाकतं, कुणी डोक्यावरचा जिरेटोप उचलून आपल्या डोक्यावर घालतं. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, त्याला ते कोण हेच माहीत नसतं. पण तो फोटो संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचेल आणि त्यावर काय होईल ते सांगायला नको. हाच न्याय देवादिकांच्या आणि संतांच्या वेशांना. वारकऱ्यांचा वेशही नको, टाळ गळ्यात अडकवून हातात बिअरचा जग घेतलेला माणूस कुणाला बघवणार?

मावळा म्हणून नुसता अंगरखा आणि पागोटं असेल तर हरकत नाही, ढाल-तलवार दारावर राहीलच. पण त्यापेक्षा प्र. १० मधले पर्याय चांगले.

१२. दुसऱ्याच देशाचा वेश केला तर? आणि कुणी आपली नक्कल केली तर?

फिजीचा झगा, जपानी किमोनो, मेक्सिकन टोप्या सर्रास दिसतात. कपडे घालणं वेगळं आणि कातडीचा रंग बदलणं वेगळं. चेहरा काळा किंवा तपकिरी करून कुणाचीही नक्कल करू नका. पूर्वी अशा गोष्टी खपून जायच्या, आता फोटो ऑफिसच्या एचआरपर्यंत जातो आणि नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या माणसाला हे परवडत नाही.

उलट बाजूने, 'बॉलिवूड' म्हणून टिकल्या लावलेला आणि मान हलवत इंग्रजी बोलणारा एखादा गट भेटतो. बहुतेकदा त्यांना आपण खरे भारतीय आहोत हे कळलं की ते गडबडतात. हसून सोडावं की सुनवावं हा तुमचा निर्णय. पण हात लावला, साडी ओढली, वाट अडवली की विषय संपला: जवळचा सुरक्षारक्षक गाठा, जागा आणि रांग सांगा. मुलींनी हे एकदा नव्हे दोनदा वाचावं. वेश घातला म्हणजे कुणी अंगाला हात लावायची परवानगी दिलेली नसते.

१३. मी दारू पीत नाही. विचित्र दिसेल का?

कुणाच्या लक्षातही येणार नाही. हातात कुठलातरी प्लॅस्टिकचा ग्लास असला की पुरे. त्यात लिंबूपाणी आहे की बिअर हे तिसऱ्या सामन्यानंतर कुणी बघत नाही. मात्र न पिणाऱ्यावर आपोआप एक जबाबदारी येते, ती प्र. २१ मध्ये.

१४. लहान मुलांना न्यावं का?

जरूर न्या, साऊथ स्टँड सोडून कुठेही. मुलांना हा खेळ मोठ्यांपेक्षा लवकर आवडतो: पळापळ आहे, पडापड आहे, आणि आजूबाजूला माणसं केळी बनून बसलेली आहेत. शुक्रवार किंवा शनिवार सकाळ उत्तम. दुपारनंतर इतर स्टँडमध्येही आवाज आणि दारू दोन्ही वाढतात, तेव्हा चार-साडेचारला निघा. पाच वर्षांखालच्यांसाठी कान झाकणारे हेडफोन घ्या. छप्पर बंद असताना गोंगाट आतच घुमतो. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनने लिहा.

१५. शाकाहारी माणसाने खायचं काय?

आत चिप्स, पिझ्झा, फ्राइज यावर दिवस निघतो, मजेत नाही. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे ठेपले-चटणीचा बेत सोडा. सकाळी घरून दणकून पोहे किंवा थालीपीठ खाऊन निघा.

संध्याकाळी बाहेर पडल्यावर चालत काउलून सिटी गाठता येतं. तिथे थाई लोकांची वस्ती आहे आणि खाणावळी झकास आहेत, पण 'भाजी' म्हणून जे येतं त्यात फिश सॉस किंवा सुकट असतेच, ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा. अगदी वरण-भात-पोळीचीच भूक लागली असेल तर सुंग वाँग तोईहून तुएन मा लाइनने थेट ईस्ट त्सिम शा त्सुई, तिथून चुंगकिंग मॅन्शन्स, म्हणजे भारतीय खाणावळी असलेली जुनी इमारत. वेशात गेलात तर दारावरचे एजंट तुम्हाला घड्याळं विकायचंही विसरतात.

१६. बॉसने कंपनीच्या बॉक्समध्ये बोलावलंय. वेश घालू का?

निमंत्रण देणाऱ्याला सरळ विचारा. बँका आणि वकिलांच्या कंपन्यांच्या बॉक्समध्ये बहुतेक जण पोलो शर्ट-चिनोमध्ये असतात, फार तर गळ्यात रंगीत माळा. ग्राहक येणार असतील तर तो कामाचाच दिवस समजा. वर फुकट मिळतं म्हणून सकाळपासून पिऊ नका. सोमवारी मीटिंगमध्ये समोर तेच लोक असतात. बॉक्सचं तिकीट असूनही मध्येच साऊथ स्टँडला जाता येईल का असं विचारतात. तिकिटावर जो विभाग लिहिलाय तोच खरा, आणि तिथली गर्दी वेगळी मोजली जाते (प्र. ५).

१७. भाऊ पुण्याहून येतोय. व्हिसा लागेल का?

२०१७ च्या जानेवारीपासून भारतीय पासपोर्टवर येणाऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, सहा महिने चालते आणि एका भेटीत १४ दिवसांपर्यंत राहता येतं. मंजुरीची चिठ्ठी कोऱ्या ए-फोर कागदावर छापून आणायला सांगा. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरायचं; आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये कधी असतं कधी नसतं, तिथेच गाडी अडते. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी नोंदणी.

आणखी एक, ज्याचा उल्लेख कुणी करत नाही: गुटखा, मळायची तंबाखू आणि ई-सिगारेट आणायला इथे बंदी आहे. भावाला आधीच सांगा. आई-बाबा येत असतील तर त्यांना एक दिवस पुरतो, प्र. १४ मधल्या वेळा त्यांनाही लागू.

१८. भारत खेळतो का? नाहीतर टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

हाँगकाँग सेव्हन्स ज्या जागतिक मालिकेचा भाग आहे तीत भारताचा संघ नाही. आपल्याकडे रग्बी जुनी आहे. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळी चिखलात ती कित्येक पिढ्या खेळली गेली. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात तो कप कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडल्यावर उरलेले चांदीचे रुपये वितळवून घडवला होता. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, सेव्हन्सचीच रग्बी प्रीमिअर लीगही झाली. पण काई टाकला तिरंगा मैदानात दिसत नाही.

म्हणून फिजी. २०१५ ते २०१९ असं सलग पाच वर्षं त्यांनी हाँगकाँग जिंकलं. २०१६ ला ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला ४३-७ असं लोळवून त्यांनी जे सुवर्ण घेतलं ते त्या देशाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. एका हाताने चेंडू धरून, पडता पडता मागे न बघता दिलेला त्यांचा पास पाहिला की पैसे वसूल. जिंकल्यावर ते मैदानातच गोल करून प्रार्थना-गीत गातात. तेव्हा साऊथ स्टँडसुद्धा घटकाभर शांत होतो. दुसरा पर्याय हाँगकाँगचा स्वतःचा संघ. २०१८ आणि २०२३ ची आशियाई खेळांतली सुवर्णपदकं त्यांच्याकडे आहेत, आणि आपण कर इथेच भरतो.

१९. सेव्हन्स आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले तर?

येतात. ३० मार्च २०२५ ला पाडवाही होता आणि अंतिम सामनेही. पुरुषांत त्या दिवशी अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवलं. हिशोब सोपा आहे: गुढी सकाळी, अंतिम सामने संध्याकाळी. पहाटे गुढी, कडुलिंब, श्रीखंड-पुरीचं लवकर जेवण, मग दुपारी स्टेडियम. इथल्या इमारतींत गुढी खिडकीबाहेर काढू नका. विसाव्या मजल्यावरून तांब्या खाली पडला तर तो गुन्हा आहे. घरातच, खिडकीच्या आतल्या बाजूला उभारा. मंडळाचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी असेल तर मात्र घरात मतदान घ्या.

२०. राष्ट्रगीत लागलं आणि आजूबाजूला गोंधळ सुरू असेल तर?

उभे राहा, ग्लास खाली ठेवा, गप्प राहा. २०२० च्या जूनपासून इथे राष्ट्रगीताचा कायदा लागू आहे. अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बाजूचा हुर्यो करत असेल तर त्याच्यात सामील होऊ नका, त्याचा व्हिडिओ काढू नका. कुठलेही राजकीय फलक, झेंडे, घोषणा आणू नका, मग ते हाँगकाँगबद्दल असोत की आपल्याकडच्या निवडणुकीबद्दल.

२१. मित्राला जास्त झाली. काय करू?

एकटं सोडू नका. बसवा, पाणी पाजा, जवळच्या प्रथमोपचार केंद्रात न्या. तिथल्या लोकांना याची सवय आहे, ते उपदेश करत नाहीत. उठत नसेल, श्वास अडखळत असेल, उलटी होऊन पाठीवर पडला असेल तर कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. बाहेर असाल तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावा. सकाळीच एक ठिकाण ठरवून ठेवा, उदाहरणार्थ अमुक गेटचा खांब, कारण पन्नास हजार माणसांत फोनचं नेटवर्क ऐनवेळी दगा देतं.

२२. रात्री घरी कसं पोचायचं?

अंतिम सामना संपल्यावर सगळे एकदमच स्टेशनवर येतात. बक्षीस समारंभ पाहून रमतगमत निघा किंवा शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात निघा, अधलीमधली वेळ सगळ्यात वाईट. वान चायला जाऊन आणखी मजा करायची असेल तर हुंग होमला बदलून ईस्ट रेल लाइनने एक्झिबिशन सेंटर. तुंग चुंगच्या मंडळींनी नाम चाँगला बदलायचं. मेट्रोत खाणं-पिणं दोन्ही मना आहे, हातातला ग्लास बाहेरच टाका. शेवटची गाडी साडेबारा-एकच्या आसपास जाते, तुमच्या स्टेशनची वेळ सकाळीच बघा. टॅक्सीसाठी रोख ठेवा. पंख लावलेल्या माणसाला बघून टॅक्सीवाला न थांबता पुढे जातो, पंख काढून हात करा.

२३. वेशाचं सामान कुठे मिळेल?

सेंट्रलमध्ये पॉटिंजर स्ट्रीटच्या दगडी पायऱ्यांवर तयार वेश, टोप्या, विग यांच्या टपऱ्या आहेत. सेव्हन्सच्या आठवड्यात तिथे भाव चढतात, पंधरा दिवस आधी जा. स्वतः करायचं असेल तर शाम शुई पो: कीलुंग स्ट्रीटला कापड, यू चाऊ स्ट्रीटला मणी आणि टिकल्या. खेळण्यातल्या वस्तूंसाठी वान चायचा ताई युएन स्ट्रीट. गांधी टोप्या मात्र इथे मिळत नाहीत. भाऊ येतोय ना (प्र. १७), त्याला डझनभर आणायला सांगा.

२४. एकच दिवस जमणार असेल तर कोणता?

वेश आणि धुडगूस पाहायचा असेल तर शनिवार. रग्बी पाहायची असेल तर रविवार: उपांत्य आणि अंतिम फेरी, पुरुष आणि महिला दोन्ही, एकाच दिवशी. महिलांचे सामने सोडून चहा प्यायला उठू नका. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया महिलांची लढत अनेकदा पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा चुरशीची होते. शुक्रवारी गर्दी कमी, जागा मोकळ्या आणि मुलांना नेणं सोपं, पण त्यासाठी अर्धी रजा टाकावी लागते. सोमवारी सुट्टी मिळते का हेही विचारतात. नाही मिळत, आणि त्या सोमवारी 'पोट बिघडलंय' असं सांगितलेलं या शहरातला कुठलाच बॉस खरं मानत नाही.